पुदिना बाहेरच असू द्या

९ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार.

पोचले. गाडीला उशीर झाला नाही, डबा संपवला, प्रेशरची गोळी घेतली. हे तीन प्रश्न तुम्ही विचारणारच होतात, म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकली. लेक घ्यायला आली होती. जावई कामासाठी बाहेरगावी असतात, ती दिवसभर ऑफिसात, तेव्हा नातीला शाळेतून आणायचं आणि आई येईपर्यंत तिला खेळवायचं एवढंच माझ्याकडे आहे. मार्चच्या सुरुवातीला जावई परत येतील, मग मीही निघेन.

फोनच करणार होते. पण तुम्ही कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये जपून ठेवता आणि मग मी इकडे ओरडायचं, तुम्ही तिकडे ओरडायचं, आणि शेवटी दोघींनी "बरं बरं" म्हणून ठेवून द्यायचं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

आता कुंड्यांचं. निघायच्या गडबडीत सांगायचं राहिलं. गॅलरीत ह्यांनी केलेल्या त्या लाकडी मांडणीवर चवीच्या पानांच्या सहा कुंड्या आहेत. पुदिना, ओरेगानो आणि चाइव्हज, म्हणजे ती कांद्याच्या पातीसारखी दिसते ती, या तिघांची पानं थंडीत वाळून जातील. कुंडीत नुसती माती उरल्यासारखं दिसेल. घाबरू नका. मुळं खाली जिवंत असतात, ऊन तापलं की पुन्हा फुटतात. मात्र जमिनीतल्या झाडाला आजूबाजूच्या मातीची ऊब असते, कुंडीतल्याला चारही बाजूंनी गारठा लागतो. म्हणून सगळ्या कुंड्या मांडणीवरून खाली घेऊन भिंतीला चिकटवून ठेवा, खाली विटा द्या म्हणजे पाणी निघून जाईल, आणि भोवती गोणपाट गुंडाळा. कुंडीला गुंडाळायचं, झाडाला नाही. थाइम आणि सेज हिरवेच राहतील, तेही तिथेच बाहेर राहू देत.

रोझमेरीला मात्र कडाक्याची थंडी सोसत नाही. तिला जिन्यालगतच्या काचेच्या पडवीत ठेवा. तिथे उजेड आहे आणि हीटर नाही, तिला दोन्ही हवं. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, तेही थोडंसं.

आणि मग त्यांना विसरा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

नात म्हणते, आत्याआजीला सांग की माझा दात पडला. सांगितलं.

तुमची,
धाकटी

———

१८ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दात पडल्यावर मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लाव. तू प्रेशर मोजतेस का? नुसती गोळी घेऊन भागत नाही, आकडा बघावा लागतो. तिथे जवळ दवाखाना कुठे आहे ते लिही. रात्री उठून बसतेस का अजून?

विसरा म्हणे. अगं, सगळी नोकरी वॉर्डात काढली मी. ज्या सिस्टर पेशंटला विसरायच्या त्यांना मी मेमो दिलेत, आणि आता म्हातारपणी तू मला विसरायला शिकवतेस. ते काही जमायचं नाही.

पण काम तू सांगितलंस तसं केलं. गोणपाट खालच्या चष्मेवाल्याने दिलं. त्याच्या दुकानात काचांच्या पेट्या येतात त्यात असतं. विटाही त्यानेच वर आणून दिल्या आणि जाताना विचारून गेला की तुम्ही घर बांधताय का. कुंड्यांना मी बँडेज करतात तशी पट्टी मारली आहे, सुटायची नाही. ओळीने एक ते सहा नंबरही टाकले. चिकटपट्टीवर लिहून लावले, म्हणजे घोटाळा नको.

एक नंबर, पुदिना, काल सकाळी पार काळा पडला होता. तू म्हणतेस काळजी नको, पण तू तिथे आहेस, मी इथे बघतेय. गॅलरीत बर्फासारखा वारा आहे. आपण आत हीटर लावून बसायचं आणि त्याला बाहेर काढायचं हे मला पटेना. मी एक नंबरला आत घेतलं आहे, स्वयंपाकघरात हीटरपाशी. बाकीच्यांचं बघते.

रोझमेरी पडवीत ठेवली आहे. ती ठीक दिसते. तिच्याकडे माझं विशेष लक्ष आहे, हे तुला सांगायला नकोच. गुंड्याच्या मांडणीवर मधोमध ती होती. माझ्या धाकट्या भावाला मी शेवटचे पाच महिने या घरात येऊन सांभाळलं, त्याच्या झाडाला सांभाळायला मला जड नाही.

घर फार मोठं वाटतं. मी माझी भाड्याची खोली सोडून इथे आले तेव्हा वाटलं नव्हतं की या घरात मी एकटी राहीन. असो. तू येशीलच.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
वन्सं

———

२ डिसेंबर

ती. वन्संना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. प्रकृती उत्तम आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे, रात्री झोप लागते.

पुदिना बाहेर ठेवा. कृपा करून ठेवा. तो आजारी नाही. त्याला थंडी हवी असते. वर्षभर फुटून फुटून दमलेलं मूळ थंडीत गप्प पडून राहतं, आणि त्या गप्प पडण्यातच पुढच्या वर्षाची ताकद येते. ऊब दिली की त्याला वाटतं दिवस पालटले, मग ते नको त्या वेळी फुटतं, साठवलेलं सगळं त्यात घालवतं, आणि खरा उन्हाळा आला की अंगात काही उरत नाही. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. शेगडीजवळ ठेवून कौतुकाने वाढवला आणि मार्चमध्ये कुंडी रिकामी केली. एकदम नको, दोन-चार दिवस पडवीत ठेवून मग गॅलरीत न्या.

नंबर टाकलेत ते वाचून लेक खूप हसली. मीही हसले.

इथे माझं बरं चाललं आहे. सकाळी सगळी बाहेर पडली की घरात कोणी नसतं. खिडकीसमोर एक साधा रस्ता आहे, पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथे खुर्ची टाकून बसते. तो माणूस दिवसभर चाकं फिरवून बघतो. तीन वाजता उठून शाळेत जाते. दुपारभर कुणी माझ्याशी बोलत नाही. मला बरं वाटतं.

तुम्ही तुमच्या गुडघ्यांना जपा. विटा उचलायला चष्मेवाला होता हे बरं झालं.

तुमची,
धाकटी

———

१० डिसेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आधी आनंदाची बातमी. एक नंबर फुटला. तुझं पत्र हातात पडलं त्याच सकाळी मातीतून चार कोंब वर आलेले दिसले. आता बोटभर झालेत. चष्मेवाल्याला बोलावून दाखवले. तो म्हणाला रंग जरा फिका आहे. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, भरेल. आता फुटलेल्याला परत थंडीत कसं काढणार, तूच सांग. तीन नंबर आणि पाच नंबर, म्हणजे तुझी ती कांद्याची पात आणि ओरेगानो, यांनाही कालच आत घेतलं. थाइम आणि सेज धट्टेकट्टे आहेत, ते राहिलेत बाहेर.

रोझमेरीची टोकं जरा कोमेजल्यासारखी वाटली म्हणून तिलाही पडवीतून आत आणली. हवा कोरडी असते ना हीटरने, म्हणून वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातली आणि सकाळ-संध्याकाळ किटलीची वाफ देते. लहान मुलांना छाती भरल्यावर आम्ही असंच करायचो. पाणी वेळच्या वेळी. हिरवीगार आहे.

आता दुसरं. तुझं पत्र वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. दिवसभर घरात कोणी नाही, कोणी बोलत नाही, तू खुर्चीत बसून चाकं बघतेस. नवरा जाऊन चार महिने होत नाहीत तो ही अवस्था. अशा बायका मी पाहिल्यात. त्या म्हणतात बरं वाटतं, बरं वाटतं, आणि एक दिवस जेवण सोडतात. माणसाला अशा वेळी एकटं सोडायचं नसतं. मी लगेच भाचीला पत्र टाकलं आहे. तिला लिहिलं की ऑफिसातून रजा काढ, नाहीतर दुपारची कोणी बाई सोबतीला ठेव, पण आईजवळ कोणीतरी बसलं पाहिजे. माझं मी कर्तव्य केलं. राग मानू नकोस.

मीच आले असते. पण इथे आता आत चार जण आहेत, त्यांना टाकून कशी येऊ?

तुझी,
वन्सं

———

१९ डिसेंबर

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र लेकीला मिळालं. तिने खरंच रजा काढली. तीन दिवस माझा हात हातात घेऊन समोर बसली होती आणि मी तिला सांगत होते की मी ठीक आहे. जितकं सांगावं तितका तिचा चेहरा उतरायचा. ऑफिसात वर्षअखेरीचं काम असताना तिला घरी बसवलंत. पुढच्या वेळी माझ्याबद्दल काही वाटलं तर मला लिहा. पत्ता तोच आहे.

पुदिन्याला भरायचं नाही. तो फिका आहे कारण त्याला उजेड पुरत नाही आणि वेळ चुकली आहे. चार कोंब आले म्हणजे तो सुधारला असं नाही. त्याला शांत पडू दिलं नाही म्हणून तो धडपडतोय. तिन्ही कुंड्या पडवीत न्या, पाणी बंद करा, आणि मग गॅलरीत.

रोझमेरीवरची पिशवी काढा. वाफ तर मुळीच नको. आधी पडवीत न्या. ती हिरवी दिसते यावर जाऊ नका, रोझमेरी मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवी दिसते, तिची पानं तशीच वाळतात. फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत ओलसर हिरवं असेल तर जिवंत आहे. तपकिरी असेल तर नाही.

आणखी एक. लेक म्हणते की आई, आता तू इथेच राहा. जावई आल्यावरही राहा. मागची खोली ते रिकामी करून देणार आहेत, तिला वेगळं दार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तुमची,
धाकटी

———

४ जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

एक, तीन आणि पाच नंबर सांगितल्याप्रमाणे बाहेर काढले. कोंब दुसऱ्याच दिवशी आडवे झाले. पाणी बंद आहे. पिशवी काढली. रोझमेरी पडवीत आहे. हिरवी आहे.

मी शिकलेली बाई नाही असं नाही. पेशंटला शांत पडू दिलं नाही, त्याची धडपड होते, तो फिका पडतो, हे तू कुणाबद्दल लिहितेस ते मला कळतं. पुदिन्याच्या आडून मला बोलू नकोस. काय बोलायचं ते सरळ लिही. मी लोकांची अप्रिय बोलणी ऐकूनच निवृत्त झाले आहे.

आणि राहायचं असेल तर तसं कळव. वेगळ्या दाराची खोली मिळत असेल तर कोण नको म्हणेल.

वन्सं

———

१५ जानेवारी

ती. वन्संना नमस्कार.

सरळ लिहिते.

नातीला सांभाळायला कोणी नव्हतं हे खरं नाही. शाळेतच संध्याकाळपर्यंत मुलं ठेवून घेतात, आधी ती तिथेच राहायची. मीच लेकीला फोन करून म्हटलं की मला काही दिवस येऊ दे. तुम्हाला काय सांगायचं ते कळेना, म्हणून नातीचं कारण काढलं.

हे गेल्यावर तुम्ही मला एक क्षणही एकटी सोडलं नाहीत. पहाटे चहा घेऊन उठवायचं, प्रेशर बघायचं, ताटात काय उरलं ते बघायचं. मी न्हाणीघरात जरा वेळ लावला की दारावर टकटक. मी खोलीचं दार लावलं की पाच मिनिटांत तुम्ही ते काहीतरी निमित्त काढून उघडायचात. तुम्ही हे सगळं मायेने केलंत. ते मला माहीत होतं, म्हणून तर बोलता येत नव्हतं. वाईट माणसाला म्हणता येतं की बाई, जरा बाजूला हो.

आणि कपाट. आठवड्याच्या आत मी बँकेच्या कामाला गेले होते, तुम्ही आग्रहाने पाठवलं होतंत. परत आले तेव्हा ह्यांचं कपाट रिकामं होतं. शर्ट, पँट, चपला, चष्म्याचं घर, सगळं गेलेलं. आत नवा कागदसुद्धा अंथरला होतात. मला म्हणालात, "आता मोकळं झालं बघ." मला त्या कपाटापुढे एकदा नुसतं उभं राहायचं होतं. त्यांचे खिसे बघायचे होते. खिशात काही नसतं हे मला माहीत आहे, बसचं तिकीट असतं नाहीतर रुमाल असतो. तरी मला बघायचं होतं. ते आता कधी होणार नाही.

मी हातपाय धुतले आणि तुम्ही वाढलेलं जेवले. इथे या खिडकीत बसून पहिल्यांदा मनसोक्त रडले. त्या सायकलवाल्याने एकदाही मान वर करून पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

मला परत यायला भीती वाटते. घराची नाही. तुमच्या काळजीची वाटते. म्हणून मी लेकीला नाही म्हणत नाही.

तुम्ही सरळ लिही म्हणालात.

तुमची,
धाकटी

———

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. चार वेळा लिहायला बसले. तीनदा लिहिलेलं फाडलं आणि एकदा चष्मेवाला विजेचं बिल घेऊन आला म्हणून राहिलं.

आधी रोझमेरीचं. ती गेली. तू डिसेंबरात खरवडून बघायला सांगितलंस, मी परवापर्यंत बघितलं नाही. रोज पडवीत जायचे, हिरवी दिसतेय ना, असं म्हणून परत यायचे. आत कुठेतरी माहीत होतं. परवा बोट लावलं तर सगळी पानं सळसळ खाली आली. मग साल खरवडली. तपकिरी. कुंडी उपडी केली तर मुळांना कुजका वास, एवढं पाणी घातलं होतं मी. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं की नाडी लागत नसेल तर लागत नाही म्हणून लिहा, आशेवर लिहू नका. गुंड्याचं झाड मी माझ्या हाताने मारलं. तुझी क्षमा मागते.

बाहेरच्या पाच जणांना हात लावलेला नाही. काचेतून बघते. तिघांत काही आहे की नाही मला कळत नाही.

कपाटाचं. तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. वॉर्डात पेशंट गेला की लगेच खाट आवरायची असते. चादर काढायची, गादी पुसायची, कपाटातलं सामान बांधून नातेवाइकांच्या हातात द्यायचं, नवी चादर घालायची. आम्ही सगळ्या हे भराभर करायचो, आणि दुसरा पेशंट हाक मारत असतो एवढ्यासाठीच नव्हे. ते काम हातात असतं तोवर बाई उभी राहू शकते. मी गुंड्याचं कपाट तसं आवरलं. इथे सामान कुणाच्या हातात द्यायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते तुझ्या हातात द्यायचं होतं. चुकलं माझं.

पण आता मलाही एक सरळ लिहू दे. तो गेला तेव्हा जे जे भेटायला आले ते तुझ्याजवळ बसले. बसायलाच हवं होतं. मी त्यांना पाणी आणत होते, चहा आणत होते, चपला सरळ लावत होते. एक बाई निघताना माझा खांदा थोपटून म्हणाली, "बरं झालं तुम्ही आहात, तिला केवढा आधार." सगळे तेच म्हणत होते. तुझा नवरा गेला, धाकटे. माझा भाऊही गेला. आई गेल्यावर त्याला मी मांडीवर घेऊन वाढवलं. हे मला एकाही माणसाने विचारलं नाही, तूही विचारलं नाहीस. मी काय करणार? मी तुझं प्रेशर बघत बसले. तुझं दार लागलं की त्या घरात मी आणि तो गेलेला असे दोघेच उरायचो, म्हणून मी दार उघडायची.

हे रागाने लिहिलं नाही. लिहून टाकलं एवढंच.

आता ठरवलं ते सांगते. निवृत्त नर्सेसचं वसतिगृह आहे तिथे एक खोली मिळते आहे, पहिल्या मार्चपासून. मी हो म्हणून आले. घर तुझं आहे, तुझ्या नवऱ्याचं आहे. माझ्या पायी तू लेकीच्या मागच्या खोलीत राहावंस हे बरं नाही. मी जाते, तू ये. किल्ली चष्मेवाल्याकडे ठेवीन. घर स्वच्छ करून ठेवीन, पण कुठलंही कपाट उघडणार नाही.

प्रेशरचं विचारत नाही.

तुझी,
वन्सं

———

१७ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

पत्र आजच आलं. लगेच लिहायला बसले आहे, नातीला शाळेतून लेक आणेल.

आधी रोझमेरी, म्हणजे ते ओझं उतरेल. ती ह्यांची नव्हती. मी दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या रोपवाल्याकडून आणली. त्याआधीची अशीच थंडीत गेली होती, आणि त्याच्या आधीची उन्हाळ्यात. कुंडीतली रोझमेरी हिवाळ्यात मरते, वन्सं, चांगल्या चांगल्यांच्या हातून मरते. ह्यांना तर तिचा वास सोसायचा नाही. पानाला हात लागला की शिंका सुरू. मांडणीच्या मधोमध ठेवली कारण तिथे ऊन जास्त येतं. तुम्ही काय काय मनात धरून तिला वाफ देत बसलात ते वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. नवीन आणू. माती फेकून द्या आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन ठेवा, त्यात कुजकं राहायला नको.

बाकी पाच बाहेरच असू देत. उकरून बघू नका. महिनाभराने कळेल. तिघांतलं एखादं गेलं असेल तर गेलं.

आता तुम्ही लिहिलंत ते. मी ते लेकीला वाचून दाखवलं नाही. माझी मीच वाचलं, आणि वाचताना आठवलं की तुम्ही खरंच एकदाही बसला नव्हता. त्या सगळ्या दिवसांत मी तुम्हाला बसलेलं पाहिलंच नाही. माझ्या हातात सारखा कप यायचा, तो कोण देतंय हे मी बघत नव्हते. मला वाटायचं, वन्संना काय, त्यांना सवय आहे, मरणं बघितलेली बाई आहे. असं मी मनात म्हटलेलं आहे. एका घरात तीन महिने आपण दोघी एकाच माणसासाठी झुरत होतो आणि मी ते फक्त माझं समजून दार लावून बसले. याची मला लाज वाटते.

वसतिगृहाला नाही म्हणून कळवा. सामान बांधलं असेल तर सोडा. मी लेकीला आत्ताच फोन करून सांगितलं की मागची खोली नको, मी माझ्या घरी जाते. ती म्हणाली, आत्याचं काय? मी म्हटलं, आत्या आहे म्हणूनच जाते.

जावई येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी पाच मार्चला दुपारच्या गाडीने येते. काही गोष्टी आधी सांगून ठेवते, कारण समोर आल्यावर मला बोलता येत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही. माझं दार लागलेलं असलं की ते लागलेलं राहू द्यायचं. मी आत रडत असेन किंवा झोपले असेन, दोन्हीत तुमचं काम नाही. सकाळचा चहा जी आधी उठेल तिने आपल्यापुरता करायचा. प्रेशर मी रविवारी मोजून घेईन, तुमच्याच हातून, कारण चष्मेवाल्याने दुकानात ठेवलेल्या प्रेशरच्या मशीनवर माझा विश्वास नाही. आणि कानातलं यंत्र तुम्ही लावायचं. रोज.

ते यासाठी की संध्याकाळी दिवे लागल्यावर माझं दार उघडं असेल. तेव्हा तुम्ही यायचं, बसायचं, आणि काही आणायचं नाही. मला नवरा माहीत आहे, वन्सं, तिशीच्या पुढचा, टक्कल पडू लागलेला, शिंकणारा. गुंड्या मला माहीत नाही. तो मांडीवरचा मुलगा कसा होता हे सांगणारं जगात आता तुमच्याशिवाय कोणी नाही. मी आजवर विचारलं नाही. आता विचारते. सांगाल का?

तुमची,
धाकटी